एक सांगतो अन् बसतो

आमच्या बारामती-इंदापूरकडे माणूस किती मोठा होता हे त्याच्या दहाव्याला कळतं. सकाळी नदीच्या घाटावर मंडप पडतो, खुर्च्या लागतात, स्पीकर येतो. एका बाजूला भटजी पिंडांची तयारी करत असतात आणि दुसऱ्या बाजूला श्रद्धांजलीची भाषणं सुरू होतात. आजी-माजी सभापती बोलतात, संचालक बोलतात, बोलू दिलं नाही तर मनात धरतील असे चार-दोन जण बोलतात. प्रत्येक जण गेलेल्या माणसाचा मनमिळाऊ स्वभाव सांगतो, कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण करतो आणि घड्याळ बघत खाली बसतो. समोरच्या झाडावरचे कावळेसुद्धा अंग चोरून वाट बघत असतात.

या सगळ्यांत एक माणूस असा होता, की तो उठला की मागे चहाच्या पातेल्याशी उभे असलेले लोकही पुढे सरकायचे. त्याचं नाव शेलार. बारामतीच्या आमच्या हायस्कुलात तो पी.टी. शिकवायचा आणि मी मराठी शिकवायचो. माझं दुखणं काय होतं ते एवढ्यावरूनच लक्षात यावं.

तोंडावर मी त्याला शेलार सर म्हणत असे आणि तो मला लोणकर सर. इथे मात्र शेलारच म्हणतो. रागवायला तो आता नाही, आणि असता तरी रागवला नसता. तेही मला सहन व्हायचं नाही.

दिसायला तो उंच, काळा, खांद्यात किंचित वाकलेला. शर्टाच्या खिशात पेन नाही, शिट्टी. निवृत्त झाल्यावरही ती खिशातच असायची. माईकसमोर जायचा तेव्हा आधी चपला काढायचा. मग पी.टी.च्या तासाला पोरांची रांग बघावी तसा सगळ्या मंडपावरून नजर फिरवायचा. ही नजर बराच वेळ फिरायची. मला वाटायचं, नाटकी माणूस आहे, लोकांना ताटकळत ठेवायची कला बरोबर जमलीय याला. मग घसा साफ करून म्हणायचा, "एक सांगतो अन् बसतो." आणि खरंच एकच सांगायचा आणि खरंच बसायचा. आमच्या भागात यातली दुसरी गोष्ट जास्त अवघड.

त्याचं पहिलं भाषण मी ऐकलं ते कन्हेरीच्या एका पैलवानाच्या दहाव्याला. पैलवान जुन्या काळचा, जिल्ह्यात नाव असलेला. मी एका दैनिकाचा वार्ताहर म्हणूनही काम करायचो, त्यामुळे माझ्याकडे त्यांच्या झाडून सगळ्या कुस्त्यांची यादी होती. ती मी वाचली. कोणत्या जत्रेत कोणाला कोणत्या डावावर चीत केलं, सगळं बिनचूक. लोकांनी मान डोलावली. माझ्यानंतर शेलारला उठवलं, कारण तो पैलवानांच्या तालमीत लहानपणी चार महिने राहिला होता. तो म्हणाला, "वस्तादांचं एक सांगतो अन् बसतो. कुस्ती मारली की पंच हात वर करायला यायचा. वस्ताद म्हणायचे, थांब. आधी खाली पडल्याल्या गड्याला उठवायचे, त्याच्या पाठीची माती झटकायचे. सगळी झटकून झाली की मग सोताचा हात वर करू द्यायचे."

एवढं बोलून तो चपला घालायला वळला. पुढच्या रांगेत एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा बसला होता. त्याने पागोटं काढून तोंडाला लावलं. तो त्या यादीतल्या हरलेल्यांपैकी एक होता. त्याचं नाव मी पाच मिनिटांपूर्वीच वाचलं होतं, तेव्हा त्याने जांभई दिली होती.

त्या दिवशी माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते पुढची वीस-बावीस वर्षं थांबलं नाही. मी एम.ए. झालेला, अलंकार शिकवणारा, आणि हा 'सोताचा' म्हणणारा माणूस माझ्यादेखत मंडपच्या मंडप रडवत होता. मी खिशात छोटी वही ठेवू लागलो. शेलारचं भाषण असलं की तिसऱ्या रांगेत डावीकडच्या खुर्चीवर बसायचो आणि पेन्सिलीने त्याच्या चुका टिपायचो. 'सभापती म्हणाला, उपसभापती हवे.' 'अनुस्वार नाही, नुसता नाकात बोलतो.' 'मृताचे वय तीन वर्षांनी कमी सांगितले.' घरी आल्यावर वही बायकोला वाचून दाखवायचो. ती भाजी निवडत विचारायची, "बरं, पण बोलले काय?" मग मला सांगावं लागायचं, आणि सांगून होईपर्यंत ती पदराने डोळे पुसायची. हा माझ्या घरातला प्रकार.

त्याची पद्धत मी हेरून काढली होती. सावडून झालं की तो त्या घरी जायचा, पण पुढच्या बैठकीत मुलांपाशी बसायचा नाही. मागे जायचा. ड्रायव्हर, स्वयंपाकाची बाई, गोठ्यातला गडी, न्हावी, यांच्यात बसून चहा प्यायचा. इंदापूरच्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाई गेल्या तेव्हाची गोष्ट. बाई नगराध्यक्षही होऊन गेल्या होत्या, त्यांच्या नावाचा रस्ता होणार म्हणून चर्चा होती. मी त्यांच्या कारकिर्दीची जंत्री केली. शेलार दवाखान्यातल्या जुन्या मावशींशी तासभर बोलत बसला. दहाव्याला तो म्हणाला की बाईंनी दवाखान्यातल्या बाकांचे पाय चार-चार बोटं कापून घेतले होते, कारण उसातून थेट येणाऱ्या अवघडलेल्या बायकांना उंच बाकावर बसता येत नसे. मग त्याने समोरच्या बायकांना विचारलं, "त्या बाकावर कोण कोण बसलं हाय?" आधी एक हात वर झाला, मग दहा, मग सगळी बायकांची बाजू. मी वहीत लिहिलं, 'श्रद्धांजलीत प्रश्न विचारू नयेत.'

आणखी एक सांगायला हवं. बोलायच्या आदल्या दिवशी त्याचा मला फोन यायचाच. "लोणकर सर, सालं सांगा." मी जन्माचं, निवडणुकीचं, पदाचं साल सांगायचो आणि तो ती तळहातावर लिहून घ्यायचा. भाषणात एकही वापरायचा नाही. एकदा मी चिडून विचारलं, वापरायची नसतात तर मागता कशाला? तो म्हणाला, "हातात सालं असली की खोटं बोलवत न्हाय." मला ते उत्तर आवडलं, म्हणून मी आणखी चिडलो.

खरं सांगायचं तर मला त्याची जागा हवी होती. एका तरी मोठ्या माणसाच्या दहाव्याला लोकांनी म्हणावं, लोणकर सरांना बोलू द्या. त्याखाली आणखी एक इच्छा होती, ती मी बायकोलाही सांगितली नाही. माझ्या स्वतःच्या दहाव्याला शेलारने बोलावं. मी कोण होतो हे मला कधी नीट सांगता आलं नाही, ते त्याने सांगावं. पण मी गेल्यावर ते मला ऐकू कसं येणार, या विचाराने मी हैराण व्हायचो.

आता आबांचं सांगतो. आबा म्हणजे नीरेकाठच्या एका गावचे, कारखान्याचे माजी चेअरमन, इंदापूर तालुक्यातला सगळ्यांत वजनदार माणूस. वय झालं होतं. मी कॉम्प्युटरवर 'तयार' नावाची एक फाईल केली होती. त्यात भागातल्या अकरा मोठ्या माणसांच्या श्रद्धांजल्या आधीच लिहून ठेवल्या होत्या, फक्त तारखेची जागा मोकळी. बायको म्हणायची, जित्या माणसांचे दहावे घालताय. वर्तमानपत्रात तशीच रीत असते हे तिला पटत नसे. आबांच्या मजकुरावर मी तीन वर्षं काम केलं होतं. त्यांच्या आईचं नाव कुठे सापडत नव्हतं, ते मी त्यांच्या आजोळी जाऊन, शाळेचं जुनं रजिस्टर उघडायला लावून काढलं. अनसूया.

लोणी देवकरच्या कारखानदारी भागात कामगारांच्या कबड्डीचा बक्षीस समारंभ होता. आबा पाहुणे, शेलार व्यवस्थेला. मी बातमीसाठी जायचा होतो, पण गाडी चुकली आणि बारामतीच्या स्टँडवरच अडकलो. दुपारी शेलारचा फोन आला. मागे यंत्रांची घरघर.

"लोणकर सर, येऊ नका आता. आबा गेले."

मी खिशातली वही काढली. कधी, म्हणून विचारलं.

"आत्ताच. पाच मिन्टं झाली."

कसं काय झालं?

"कसं म्हंजे? भाषाण केलं, च्या घेतला, गाडीत बसले आन गेले."

घरच्यांना कळवलं का, असं मी विचारलं. "ड्रायव्हरनं केला असंल की फोन," तो म्हणाला आणि रेंज गेली.

हृदयविकार, मी ठरवलं. गाडीतच. घरी धावत गेलो, फाईल उघडली, मोकळ्या जागेत तारीख घातली आणि मजकूर वार्ताहरांच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांच्या आधी. इतकं बरं वाटलं मला, की त्याची आजही लाज वाटते. आबा संध्याकाळी मोरगावच्या गणपतीचं दर्शन घेऊन सावकाश घरी पोचले तेव्हा त्यांच्या ओट्यावर पांढऱ्या टोप्यांची गर्दी होती आणि एका उत्साही सरपंचाने हार आणला होता. आबांनी तो गळ्यात घालून घेतला म्हणतात.

मी मजकूर पुसला, पण तोवर तो माझ्या नावाशिवाय दोन तालुके फिरून आला होता. आणि नाव नसलेली श्रद्धांजली शेलारशिवाय कोणाची असणार? दुसऱ्या दिवशी त्यालाच बोलावणं आलं. तो मला मोटरसायकलवर मागे बसवून घेऊन गेला. फोन त्यानेच केला होता, त्यामुळे मजकूर कोणाचा हे त्याला ठाऊक होतं.

आबा झोपाळ्यावर बसले होते. हातात मजकुराचा छापलेला कागद. चष्मा नाकावर ओढून त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "ह्ये कुणी लिवलं?"

मी कॉलरचं बटण सोडवत राहिलो. शेलार म्हणाला, "मी, आबा. चूक झाली."

आबांनी कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला. मग त्यांचा आवाज उतरला. "चूक कसली. गेल्या चाळीस वर्सांत माझं किती सत्कार झालं, एका मानपत्रात माझ्या आईचं नाव न्हाय. ह्यात हाय." त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला. "शेलार सर, मी खरा जाईन तवा तुमीच बोलायचं. दुसरं कुणी न्हाय."

मी तिथे उभा होतो. माझं वाक्य, माझं रजिस्टर, माझी अनसूया, आणि आबा भरल्या डोळ्यांनी शेलारकडे बघत होते. आता तोंड उघडावं तर शिव्यांच्या वेळी गप्प बसलेला माणूस कौतुकाच्या वेळी पुढे आला असं दिसणार. मी चहा प्यालो. बशीतला सांडला तोही प्यालो.

परतताना उसाच्या कडेला गाडी थांबवायला लावून मी त्याच्यावर ओरडलो. तुम्हाला कोणी सांगितला होता हा शहाणपणा? तो म्हणाला, "तुमची कॉलर भिजली हुती घामानं. मला बघवंना." मी आभार मानले नाहीत. वर आणि असं वाटलं, की याने माझा अपराध स्वतःकडे घेतला नाही, माझं आयुष्यातलं एकमेव बक्षीस घेतलं.

आबा त्यानंतर दोन वर्षांनी गेले. खरे गेले. दहाव्याला नीरेच्या घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. मी माझ्या खुर्चीवर, खिशात वही आणि सवयीने मजकुराची घडी. शेलार उठला, चपला काढल्या, नजर फिरवली.

"आबांचं एक सांगतो अन् बसतो. आबा जित्ते असताना त्यांची श्रद्धांजली फिरली हुती, तुमी समद्यांनी वाचली. आबांनी विचारलं तवा मी म्हणलो, मी लिवली. ती लबाडी हुती. लिवली लोणकर सरांनी. आबांच्या आईचं नाव अनसूया, त्ये सरांनी हुडकलं. आबा त्या नावाला रडले, माझ्या म्होरं. तवा आबांनी बोलायला सांगितलं त्ये खरं सरांना. आता सर बोलतील."

आणि बसला.

मला हाताला धरून वर नेलं. वीस वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो असा अंगावर आला. मी घडी उघडली आणि वाचू लागलो. जन्म, शिक्षण, पहिली निवडणूक, कारखान्याची उभारणी. शेवटी आईच्या नावापाशी पोचलो आणि आवाज मुद्दाम खाली आणला. कुणी हललं नाही. लोक आधीच रडून मोकळे झाले होते. माझं सगळं मला भर मंडपात परत देताना त्याने तेवढं एक आधीच वापरून टाकलं होतं. लबाडी कबूल करण्यातसुद्धा तो माझ्याहून चांगला बोलला. दिलदारपणाही यालाच जमावा? मी दोन महिने त्याच्याशी बोललो नाही, आणि तो दर आठवड्याला फोन करून विचारायचा, "सर, तब्येत बरी हाय न्हवं?"

अबोला होता तरी त्याच्या भाषणांना मी जात होतो. एकदा मोरगावहून येणारी एस.टी. वाटेत बंद पडली आणि मी बारामतीच्या घाटावर पोचलो तेव्हा कार्यक्रम संपत आला असेल असं वाटलं होतं. पण शेलार अजून माईकपाशीच उभा होता. माईकवर टिचकी मारत स्पीकरवाल्याला म्हणत होता, आवाज तपासा. मी खुर्चीवर बसलो, वही काढली आणि त्याचं भाषण सुरू झालं. मी मनात म्हटलं, बघा, एवढी वर्षं बोलतोय आणि माईक लावता येत नाही. तेही टिपलं.

मागच्या वर्षी त्याच्या घशाला गाठ निघाली. पुण्याला ऑपरेशन झालं. परत आला तो आवाज तिथेच ठेवून आला. नुसती कुजबूज उरली होती, तीही मोजकी. दोन तालुक्यांत त्याच काळात तीन मोठी माणसं गेली आणि तिन्ही दहाव्यांना लोक इकडेतिकडे बघत राहिले. मला बोलायला सांगितलं गेलं. मी बोललो. जागा मोकळी झाली होती आणि मला ती नकोशी वाटत होती, हे मी कोणाला सांगणार?

त्याला भेटायला गेलो तेव्हा तो खिडकीशी कॉटवर पडून होता. शर्ट घातलेला, खिशात शिट्टी. त्याच्या बायकोने खुर्ची दिली आणि ती आत गेली. थोडा वेळ इकडचं तिकडचं मीच बोललो. मग मला राहवेना. माझं वय झालंय, तो आजारी आहे, असल्या वेळी असलं विचारू नये, सगळं कळत होतं. तरी विचारलं.

"शेलार सर, माझ्या दहाव्याला काय बोलला असता?"

तो हसला. हात टेकून अर्धवट उठून बसला. चपला पायात नव्हत्याच. खोलीत आम्ही दोघंच, तरी त्याने आधी सगळ्या खोलीवरून नजर फिरवली. ती माझ्यावर येऊन थांबली.

"लोणकर सरांचं एक सांगतो अन् बसतो." कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागला. "ह्यो माणूस माझ्या हरेक भाषणाला आला. चुका काढाया आला. पर आला. येक दिवस चुकवला न्हाय."

वहीचं तुम्हाला माहीत होतं, एवढंच मी म्हणालो.

"तिसरी रांग, डाव्या अंगाला," तो म्हणाला. "तुमी दिसल्याबिगर मी सुरू करीत नव्हतो."

मग दमला आणि आडवा झाला. मी निघालो तेव्हा त्याने उशीवरूनच तळहात पुढे केला. मला कळेना. मग कळलं. मी पेन्सिल काढून त्याच्या तळहातावर माझं जन्मसाल लिहिलं. त्याने मूठ मिटली. मी दारातून पाहिलं तेव्हा ती तशीच छातीवर होती, आणि डोळे खिडकीकडे. त्याला मी पाहिलं ते शेवटचं.

तो माझ्या आधी गेला. तिथेही पुढेच.

त्याच्या दहाव्याला कऱ्हेच्या घाटावर मंडप भरून माणसं बाहेर उन्हात उभी होती. दोन्ही तालुक्यांतले झाडून सगळे आले होते. सगळ्यांत आधी माझंच नाव पुकारलं. मी कागद नेला नव्हता. चपला काढल्या, फरशी तापली होती. काय बोलायचं ते मला माहीत होतं. मी वीस-बावीस वर्षं या माणसावर जळलो, हेच त्याचं एक सांगायचं आणि बसायचं, असं घरून ठरवून आलो होतो. मी मंडपावरून नजर फिरवली. तिसरी रांग, डाव्या बाजूला. माझी रोजची खुर्ची रिकामी होती.

मी माईकवर टिचकी मारली आणि स्पीकरवाल्याला म्हणालो, आवाज तपासा.

"सर," तो हळूच म्हणाला, "आवाज चालू हाय."

मी थांबलो, आणि पुन्हा एकदा टिचकी मारली.